एका पेशीचा भाला : व्हँकुव्हर ते बॅमफील्ड

रविवार, व्हँकुव्हर

माझी भाची इथल्या विद्यापीठात समुद्री सूक्ष्मजीवांवर काम करते. "जूनच्या मोठ्या ओहोट्या धरून ये मावशी, म्हणजे तुला सगळं दाखवता येईल," असं तिने हिवाळ्यातच बजावून ठेवलं होतं. त्यामुळे आमचं कॉलेज सुरू व्हायच्या आत निघाले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या ब्रिटिश कोलंबियात लोक देवमासे आणि अस्वलं बघायला जातात. मला बघायचा होता पॉलिक्रिकॉस.

पॉलिक्रिकॉस हा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांच्या गटातला प्लवक, म्हणजे पाण्यातला सूक्ष्म जीव. थंडीच्या दिवसांत कोकणात रात्री लाटा निळसर चमकतात, त्या चमकवणारा नॉक्टिल्युका याच गटातला. पॉलिक्रिकॉस शिकारी आहे, आणि शिकारीसाठी त्याच्याकडे जेलीफिशच्या डंखाच्या जातीचं हत्यार आहे. जेलीफिशच्या शुंडांवर डंखाच्या खास पेशी असतात, त्या हजारोंनी. पॉलिक्रिकॉसमध्ये सगळा संसारच एका पेशीचा, आणि त्या पेशीच्या पोटात डंखाच्या कुप्या. आत गुंडाळलेली नळी, टोकाला भाला. अभ्यासक दोन्हीकडच्या कुप्यांना नेमॅटोसिस्टच म्हणतात.

दुपारी विद्यापीठातलं बीटी जैवविविधता संग्रहालय पाहिलं. आत शिरताच निळ्या देवमाशाचा २६ मीटर लांब सांगाडा डोक्यावर टांगलेला दिसतो. ही मादी १९८७ साली पार पूर्वेच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या किनाऱ्याला लागली होती. तिला तिथेच पुरलं आणि दोन दशकांनी उकरून इकडे आणलं. सांगाड्याखाली बरीच गर्दी होती. मुलं मान वर करून बघत होती, आयाबाप फोटो काढत होते. मीही बघत राहिले, पण मनात एकच चाललं होतं: याहून कितीतरी अवघड बांधणीची एक वस्तू इथून तासाभरावरच्या वाळूत पडली आहे आणि तिच्यासाठी कुणी मान वाकवत नाही.

'एकपेशीय, म्हणजे साधे जीव' हे वाक्य शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. ते वाक्य बदललं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सोमवार, बाउंडरी बे

शहराच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या हद्दीला लागून ही उथळ खाडी आहे. उन्हाळ्यात इथली मोठी ओहोटी भर दिवसा येते. सेंटेनियल बीचवर पोचलो तेव्हा पाणी इतकं आत गेलं होतं की त्याची रेघसुद्धा दिसेना. वाळूवर लाटांच्या वळ्या, मधूनमधून समुद्री गवताचे पट्टे, आणि उथळ डबक्यांत एका पायावर उभे मोठे निळे बगळे.

भाची गुडघ्यावर बसली आणि चमच्याने वरची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून डब्यात भरू लागली. "फार खोल नको. त्यांना उजेड लागतो," म्हणाली. ही जात पॉलिक्रिकॉस लेबूरी. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्लवक-अभ्यासक मेरी लेबूर यांच्या नावावरून कॅथरीन हर्डमन यांनी १९२४ साली तिचं नाव ठेवलं. ही वाळूच्या कणांमधल्या पाण्यात राहते. हिच्यात हरितलवकं असतात, म्हणजे ही उन्हावर अन्नही बनवते. याच खाडीतल्या वाळूतून व्हँकुव्हरच्या अभ्यासकांनी तिचं नव्याने वर्णन केलं आहे.

वाळूतून हे जीव बाहेर काढायची युक्ती मला फार आवडली. प्रयोगशाळेत एका रुंद नळीच्या तळाला बारीक जाळी लावतात, छिद्रं ४५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नळीत वाळू, वाळूवर कापसाचा थर, आणि वर समुद्राच्याच पाण्याचा केलेला बर्फ, फोडून. खाली पेट्री डिशमध्ये थोडं समुद्राचं पाणी, जाळीला जेमतेम टेकेल इतकं. बर्फ वितळू लागला की वरून गार, खारट पाणी झिरपतं, आणि त्याला कंटाळून वाळूतले हलते जीव खाली सरकत जाळीतून डिशमध्ये उतरतात. वाळू वरच राहते. ही पद्धत उलिग या जर्मन अभ्यासकाची, १९६०च्या दशकातली. आजही तीच चालते, कारण तिच्यात कुणाला इजा होत नाही.

बर्फ वितळेपर्यंत चहा झाला. मग डिश मायक्रोस्कोपखाली.

आधी दिसतात ते डायटम, काचेसारख्या कवचाची एकपेशीय शैवालं, होडीच्या आकाराचे, सावकाश घसरणारे. मग सिलिएट, अंगावरच्या केसांनी पोहणारे, ते घाईत. "ते सोड. सोनेरी दिसतंय का काही?" भाचीने विचारलं. होतं. फुगीर, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, सोनेरी-तपकिरी, आणि अंगावर आडव्या खाचा एकाखाली एक. पितळेच्या टिफिनचे डबे एकावर एक बसवलेले असावेत, तसं. प्रत्येक डब्याला स्वतःची खाच, स्वतःच्या दोन कशाभिका, म्हणजे पोहायचे चाबूक. मात्र आतली केंद्रकं डब्यांपेक्षा कमी, निम्मी किंवा त्याहूनही थोडी. पेशी स्वतःचे भाग वाढवत गेली, पण विभागून वेगळी झाली नाही. अभ्यासक याला आभासी वसाहत म्हणतात. मला हे प्रकरण पेशीच्या व्याख्येची परीक्षा घेणारं वाटतं: हा एक जीव म्हणायचा की चार-आठ? कशाभिका मोजल्या तर उत्तर वेगळं, केंद्रकं मोजली तर वेगळं. तो स्वतः मात्र सगळ्या कशाभिका एका तालात हलवत, लांबीच्या अक्षाभोवती फिरत सरळ जातो.

मंगळवार, प्रवास

त्सावासनहून व्हँकुव्हर बेटावरच्या नानायमोची फेरी, दोनेक तास. मग पश्चिमेकडे गाडीने. वाटेत कॅथेड्रल ग्रोव्हला उतरलो. डग्लस फरची झाडं, काही आठशे वर्षांहून जुनी. पोर्ट अल्बर्नीनंतर जंगलातला रस्ता, समोरून ओंडक्यांनी भरलेल्या लॉऱ्या येतात तेव्हा बाजूला थांबणं बरं. संध्याकाळी बॅमफील्ड. गाव एका चिंचोळ्या खाडीच्या दोन्ही काठांवर आहे आणि या काठावरून त्या काठावर जायला होडीच लागते.

सागरी केंद्राची इमारत उंचवट्यावर आहे. १९०२ साली पॅसिफिकखालची तारयंत्राची केबल इथून निघाली. पहिलाच टप्पा इथून फॅनिंग बेटापर्यंत, सुमारे ६,४०० किलोमीटरचा. तार इतिहासजमा झाली, आणि १९७०च्या दशकात पश्चिम कॅनडातल्या पाच विद्यापीठांनी मिळून त्याच जागी संशोधन केंद्र उभारलं. ही भूमी मूळची ह्यू-आय-आट लोकांची.

बुधवार, बार्कली साउंड

सकाळी धुकं होतं. छोट्या बोटीतून निघालो. २० मायक्रॉनच्या जाळीचं निमुळतं जाळं दोरीने खोल सोडायचं आणि सावकाश वर ओढायचं. घाई केली की नाजूक जीव जाळीवर आपटून फुटतात. जाळ्याच्या टोकाच्या बाटलीत जे उरतं ते फिकट चहाच्या रंगाचं पाणी. ते थंड खोक्यात ठेवून लगेच परत.

आज हवा होता पॉलिक्रिकॉस कोफॉइडी. हा पाण्यात तरंगणारा. याला स्वतःची हरितलवकं नाहीत, म्हणजे शिकारीवरच पोट. नाव कॅलिफोर्नियाचे चार्ल्स कोफॉइड यांच्यावरून पडलं. ऑलिव्ह स्वेझी यांच्यासोबत त्यांनी १९२१ साली कवच नसलेल्या डायनोफ्लॅजेलेटांवर मोठा ग्रंथ लिहिला.

कितीतरी थेंब तपासले. कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्यांची पिल्लं, डायटमच्या साखळ्या, शिंगं असलेले सेरॅशियम. दुपारी भाचीने खुर्ची सोडली आणि मला बसवलं. "मावशी, टेबलाला धक्का लावू नकोस. उजवीकडे वर बघ."

पारदर्शक, किंचित गुलाबी झाक, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. चार खाचा. पोटात दोन गडद गोळे, अर्धवट पचलेलं भक्ष्य. आणि मागे, स्वतःच्या लांबीहून कमी अंतरावर, एक गोल कवचधारी पेशी त्याच्याबरोबर ओढली जात होती. दोघांच्या मधे काहीच दिसत नव्हतं. भाचीने फेज कॉन्ट्रास्ट लावला (पारदर्शक वस्तू उठून दिसण्याची मायक्रोस्कोपची सोय), फोकसची चकती अगदी हळू फिरवली, तेव्हा मधली रेघ उजळली. दोरा. एका टोकाला शिकारी, दुसऱ्या टोकाला भाला रुतलेली शिकार.

हे कसं घडतं तेही भाचीने तिथेच समजावलं. पॉलिक्रिकॉसमध्ये दोन अवयव जोडीने असतात. पुढे टीनिओसिस्ट, त्याच्या मागे नेमॅटोसिस्ट. शिकार टेकली की आधी टीनिओसिस्ट सुटतो आणि तिला चिकटतो. मग नेमॅटोसिस्टमधला टोकदार भाला सुटतो आणि शिकारीच्या कवचाच्या आरपार जातो. मागचा दोरा तुटत नाही. शिकार धडपडते, शिकारी तिला ओढत नेतो, जवळ घेतो आणि शेवटी मागच्या बाजूने सबंध गिळतो. काझुमी मात्सुओका आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे जेवण टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवलं आहे. मी मायक्रोस्कोपला डोळे लावले तेव्हा दोरा आखूड होत होता. गिळण्यापर्यंतचं मात्र बघायला मिळालं नाही, कारण दोघेही थेंबाच्या कडेला गेले आणि दिसेनासे झाले.

दुसरा एक सापडला. त्याच्यावर काच ठेवून मोठ्या भिंगाखाली घेतला. हे जीव दिव्याची उष्णता फार वेळ सोसत नाहीत. आधी त्याचं फिरणं मंदावलं, मग कड फुगली, आणि पेशी फुटली. सगळा ऐवज पाण्यात सांडला. त्या सांडलेल्या पसाऱ्यात दोन कुप्या शाबूत उरल्या होत्या. लांबट, एका टोकाला निमुळत्या, भिंती जाड आणि चमकदार. आत वेटोळं घातलेली नळी स्पष्ट दिसत होती, आणि नळीच्या तोंडाशी टोक. पेशी मेली तरी कुपी ताठ. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासची वस्तू, पण तिला झाकण आहे, दाब सोसणारी भिंत आहे, गुंडाळलेली नळी आहे, भाला आहे. हे सगळं एका पेशीने, स्वतःच्या आत, कुठल्याही ऊती-अवयवांच्या मदतीशिवाय घडवलेलं आहे. कितीतरी वेळ मी तिथून उठले नाही.

गुरुवार, बॅमफील्डचा धक्का

सकाळी धक्क्यावर जेलीफिश आल्या होत्या. पारदर्शक एक्वोरिया, कडांना बारीक झालर. त्यांच्याकडे बघत आमचा वाद रंगला: हे हत्यार कुणी कुणाकडून घेतलं?

प्रश्न पोकळ नाही. १८७३ साली ओटो ब्यूच्ली यांनी पॉलिक्रिकॉसचं पहिलं वर्णन केलं, तेव्हापासून या कुप्यांचं जेलीफिशच्या कुप्यांशी साम्य लोकांना खुणावत आलं आहे. इतकी गुंतागुंतीची वस्तू दोनदा कशी निर्माण होईल, असं वाटणं साहजिकच आहे. भाचीने मिक्सोझोआचं उदाहरण दिलं. माशांच्या अंगात राहणारे हे सूक्ष्म परजीवी. त्यांच्यातही अशाच कुप्या. पूर्वी त्यांना आदिजीवांत घालत. पुढे जनुकं तपासली तेव्हा कळलं की ते चक्क जेलीफिशच्या कुळातले, आकसून बारीक झालेले प्राणी आहेत. तिथे साम्याने खरं नातं दाखवलं. मग इथेही तसंच असेल?

याचं उत्तर २०१७ साली मिळालं. ग्रेगरी गॅव्हेलिस, ब्रायन लिअँडर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये ते छापलं. काम व्हँकुव्हरच्याच विद्यापीठातून सुरू झालं होतं. जेलीफिश आणि हायड्रा यांच्या कुपीची भिंत मिनिकोलॅजेन नावाच्या खास प्रथिनांनी विणलेली असते. तशा प्रथिनांची जनुकं या डायनोफ्लॅजेलेटांत सापडली नाहीत. रचना वेगळी, सुटण्याची रीत वेगळी, जनुकं वेगळी. म्हणजे एकाने दुसऱ्याकडून घेतलं नाही. प्राण्यांनी आपला डंख स्वतंत्रपणे घडवला, या प्लवकांनी आपला. बऱ्याच डायनोफ्लॅजेलेटांत बाहेर काहीतरी फेकणाऱ्या साध्या पुटिका असतात, तिथूनच टप्प्याटप्प्याने हे भाले आले, असं त्यांनी मांडलं. भाला सुटतानाचं स्पष्ट चित्रीकरणही त्यांनीच पहिल्यांदा केलं.

हायड्राच्या डंखाचा वेग तर आपल्याला वर्गात सांगावाच असा आहे. २००६ साली जर्मन संशोधकांनी तो मोजला: भाला ७०० नॅनोसेकंदांत सुटतो, आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींवर जातं. हायड्रा आपण अकरावी-बारावीला काढून दाखवतो. ही गोष्ट कुठल्याही मुलाला ताठ बसवेल.

धक्क्यावरून परतताना पाटी दिसली: शिंपले काढू नका, विषबाधेचा धोका. तिसऱ्या आणि कालवांवर वाढलेल्या माणसाला अशी पाटी टोचतेच, पण कारण पक्कं आहे. अलेक्झांड्रियम नावाचा दुसरा एक डायनोफ्लॅजेलेट सॅक्सिटॉक्सिन बनवतो. शिंपले पाणी गाळून तो खातात, विष त्यांच्यात साठतं, शिंपल्यांना काही होत नाही. खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, मग हातपाय, मग श्वासाचे स्नायू. शिजवून ते जात नाही.

याच किनाऱ्यावर, पार उत्तरेला, जून १७९३मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या काही खलाशांनी न्याहारीला शिंपले भाजून खाल्ले. जॉन कार्टर नावाचा खलाशी काही तासांत गेला. त्याला पुरलं ती जागा कार्टर बे, आणि शिंपले खाल्ले ती पॉयझन कोव्ह. नकाशावर नावं आजही तशीच आहेत. आपल्याकडे केरळात विळिंजमला १९९७ साली शिंपल्यांतून अशीच बाधा होऊन सात जण दगावले आणि शेकडोंना इस्पितळात न्यावं लागलं.

पॉलिक्रिकॉस अलेक्झांड्रियम खातो. जिम्नोडिनियम कॅटेनॅटम नावाचा दुसरा विषारी प्लवकही खातो, आणि कोरियातल्या प्रयोगांत असं दिसलं की पॉलिक्रिकॉसने तो खाल्ल्यावर विषारीपणा कमी होतो. म्हणून मला हा जीव निव्वळ नवलाचा वाटत नाही. लाटेखाली कुणालाही न दिसता जी शिकार चालते, तिचा संबंध माणसाच्या ताटाशी आहे. विषारी प्लवकांची वाढ कधी थांबते, का थांबते, हे शोधताना पाण्याचं तापमान आणि खतांची भर मोजली जाते. शिकारी कोण आणि किती, हेही त्याच काळजीने मोजायला हवं.

शुक्रवार, परतीची वाट

निघण्याआधी भाचीने तिचं खरं काम उरकलं. काचेची नळी ज्योतीवर तापवून ताणायची, अगदी बारीक तोंड काढायचं, आणि मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी उचलायची. गाळलेल्या पाण्याच्या थेंबांत तिला धुवायचं, एका थेंबातून दुसऱ्यात, मग नळीत बंद करून गोठवायचं. ती शोधत होती नेमॅटोडिनियम, पॉलिक्रिकॉसचा दूरचा भाऊबंद. तो संवर्धनात वाढत नाही. समुद्रातून मिळेल तेवढाच. पूर्ण सकाळ गेली, हाती एकच आला.

त्याच्या कुप्यांची मात्र तऱ्हाच वेगळी. पॉलिक्रिकॉसची कुपी एक भाला सोडते. नेमॅटोडिनियमच्या कुपीत ११ ते १५ छोट्या नळ्या गोलाकार लावलेल्या असतात, प्रत्येकीतून वेगळा बाण. संशोधकांनी तिची तुलना अनेक नळ्यांच्या गॅटलिंग बंदुकीशी केली आहे. इतका फरक असूनही दोन्ही प्रकार डायनोफ्लॅजेलेटांतल्या एकाच उगमातून आले आहेत.

शिवाय नेमॅटोडिनियमच्या कुळाला डोळा आहे! भिंग आहे, त्याच्यापुढे पारपटलासारखा थर आहे, मागे रंगद्रव्याचा वाटीसारखा पडदा आहे. त्याच गॅव्हेलिस यांनी २०१५ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की पुढचा थर मायटोकाँड्रियांचा आणि मागचा पडदा हरितलवकापासून झालेला आहे. पेशीने घरातलंच सामान वापरून डोळा केला. १८८४ साली रिचर्ड हर्टविग यांनी अशा डोळेवाल्या एकपेशीय जीवाचं वर्णन छापलं, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला सगळे तयार नव्हते. ते मी समजू शकते. मी स्वतः तो काळा ठिपका आणि त्याच्यापुढचं चमकतं भिंग पाहिलं, तरी दोनदा भाचीला विचारलं.

नानायमोच्या रांगेत उभं असताना आम्ही पुढच्या कामाचा आराखडा केला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या गाळातूनही पॉलिक्रिकॉसच्या सिस्ट, म्हणजे कवचात निजलेल्या सुप्त पेशी, नोंदल्या गेल्या आहेत. म्हणजे तो आपल्या पाण्यात आहे. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी आणि मिऱ्याच्या बाजूला पावसाळा ओसरल्यावर २० मायक्रॉनचं जाळं टाकायचं, दर पंधरवड्याला, भरतीच्या वेळी. पाणी थंड ठेवायचं, दोन तासांच्या आत बघायचं, फॉर्मॅलिन घालायचं नाही, कारण त्यात हे नाजूक जीव ओळखण्यापलीकडे जातात. थेंब आधी उघडाच, काच न ठेवता, लहान भिंगाखाली. आडव्या खाचा आणि अक्षाभोवती फिरत सरळ जाणारी चाल, या दोन खुणा विद्यार्थ्यांना पुरतात. काच त्यानंतर, फोटो आणि मोजमाप झाल्यावर. भाची जाळं पाठवणार आहे. मायक्रोस्कोप कॉलेजचा आहेच, फेज कॉन्ट्रास्टचं भिंग तेवढं मिळवायचं आहे.